ख्रिस्ती पुनरुत्थानकल्पना : बायबलमधील आधार आणि देहविषयक वाद

ख्रिस्ती धर्मातील मूलभूत श्रद्धांचा अभ्यास करू पाहणाऱ्या मराठी वाचकापुढे पहिली अडचण उभी राहते ती शब्दाची. मराठी बायबलमध्ये रूढ झालेला 'पुनरुत्थान' हा शब्द ग्रीक 'अनास्तासिस' या शब्दाचा पर्याय होय. ग्रीक शब्दातील मूळ धातू 'हिस्तेमी' हा संस्कृत 'स्था' या धातूचा सगोत्र असून 'अना' या उपसर्गाला 'वर' आणि 'पुन्हा' असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे 'उत्थान' हा शब्द ग्रीक शब्दाची जवळजवळ घटकशः प्रतिकृतीच ठरतो आणि 'पुनर्' या अव्ययाने उपसर्गाचा दुसरा अर्थही पदरात पाडून घेतला आहे. भाषांतर म्हणून शब्द उत्तमच. परंतु ज्या समाजात 'पुनर्' म्हणताच 'पुनर्जन्म' आठवतो, त्या समाजात तो वाचकास भलत्या दिशेला नेण्याचा संभव असतो. नव्या करारात याच अर्थी येणारे दुसरे क्रियापद 'एगेइरो' हे मात्र अगदी नित्याच्या व्यवहारातले आहे. निजलेल्या माणसास हाक मारून उठवावे, जागे करावे, हा त्याचा अर्थ. मेलेला मनुष्य निजलेला आहे व देव त्याला उठवील, एवढेच मूळ कल्पनेत अभिप्रेत आहे. दुसऱ्या गर्भात प्रवेश करणे यात नाही, आणि शरीराच्या बंदिवासातून आत्म्याची सुटका होणेही नाही.

हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नव्हे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या १७ व्या अध्यायात पौल अथेन्स नगरीत प्रवचन करतो, तेव्हा काही श्रोत्यांची अशी समजूत झाली की हा मनुष्य परकीय दैवतांचा प्रचार करीत आहे. कारण तो येशू आणि 'अनास्तासिस' यांविषयी बोलत होता. चौथ्या शतकातील धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम याने या प्रसंगाचे मार्मिक स्पष्टीकरण दिले आहे. अथेन्सवासीयांनी 'अनास्तासिस' ही एखादी देवीच मानली, असे तो म्हणतो. पुढे अरियोपगावरील भाषणात मृतांना उठविण्याचा विषय निघताच काहींनी उघड चेष्टा केली. आत्मा अमर आहे, हे प्लेटोच्या नगरीला कोणी नव्याने सांगावयास नको होते. चेष्टा झाली ती शरीर परत मिळण्याच्या गोष्टीची.

ही शरीराची गोष्ट आली कोठून, हा प्रश्न ऐतिहासिक आहे व त्याचे उत्तर बायबलच्या पानांतूनच शोधता येते. मात्र जुन्या करारापासून आरंभ करणाऱ्याच्या पदरी प्रथम निराशा येते. हिब्रू शास्त्राच्या बहुतांश भागात मृत्यूनंतरच्या जीवनाबद्दल जवळजवळ मौन आहे. मेलेले सारे, सज्जन आणि दुर्जन, 'शेओल' नामक अधोलोकात जातात. तो लोक छायेचा, धुळीचा व विस्मृतीचा आहे. तेथे देवाची स्तुती होत नाही, अशी तक्रार स्तोत्रसंहितेत वारंवार येते. देवाने आपल्याला वाचवावे यासाठी भक्त हाच मुद्दा पुढे करतो, की मेल्यावर तुझे स्तवन कोण करणार? ईयोबाच्या ग्रंथातील १४ व्या अध्यायात तोडलेल्या झाडाला पाण्याच्या वासानेही पालवी फुटण्याची आशा असते, मनुष्याला ती नसते, असा करुण युक्तिवाद आहे. उपदेशकाचे म्हणणे तर त्याहून कठोर आहे. एलीया व अलीशा या संदेष्ट्यांनी मुले जिवंत केल्याच्या कथा राजांच्या ग्रंथांत आहेत. परंतु ती मुले पुढे यथाकाल मेलीच असणार. त्या कथांना पुनरुत्थानाच्या सिद्धांताचा आधार मानणे योग्य होणार नाही.

जे उतारे या श्रद्धेचे आधार म्हणून परंपरेने पुढे केले जातात, त्यांचीही छाननी करावी लागते. यहेज्केलाच्या ३७ व्या अध्यायात शुष्क अस्थींनी भरलेल्या खोऱ्याचा विलक्षण दृष्टान्त आहे : हाडाला हाड जुळते, वर स्नायू व त्वचा चढते आणि प्राण शिरून एक मोठे सैन्य उभे राहते. पण दृष्टान्ताचा अर्थ ग्रंथकारानेच सांगून ठेवला आहे. त्या अस्थी म्हणजे इस्राएलाचे घराणे. इ. स. पू. ५८७-८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यावर हद्दपार झालेल्या राष्ट्राच्या पुनःस्थापनेचे ते रूपक आहे. यशयाच्या २६ व्या अध्यायातील मृतांच्या उठण्याचा उल्लेख तसाच राष्ट्रपर घ्यावा की शब्दशः, यावर एकमत नाही. ईयोबाच्या १९ व्या अध्यायातील, 'मांसातून' देवाला पाहण्याविषयीचे प्रसिद्ध वचन तर मूळ हिब्रूतच इतके बिघडलेले आहे की तेथील 'मिन' या अव्ययाचा अर्थ 'मांसातून' असाही होतो आणि 'मांसावाचून' असाही होतो. जेरोमच्या लॅटिन भाषांतराने ते निःसंदिग्धपणे पुनरुत्थानपर करून टाकले आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाने पुढे ते तसेच वाचले. भाषांतरकार कधी कधी भाष्यकाराचेही काम उरकून घेतो, त्याचा हा नमुना.

निःसंशय उल्लेख सापडतो तो दानिएलाच्या ग्रंथात, १२ व्या अध्यायाच्या आरंभी. व त्याचा काळ ठरविणे शक्य आहे. त्या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात भविष्यकथनाच्या रूपाने सेल्युकिड व टॉलेमी घराण्यांतील युद्धांचा जो तपशील येतो, तो राजा चौथा अंतियोखस एपिफानेस याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत अचूक आहे. त्याच्या मृत्यूचे वर्णन मात्र प्रत्यक्षाशी जुळत नाही. यावरून हा भाग इ. स. पू. १६७ ते १६४ या दरम्यान लिहिला गेला, असे आधुनिक विद्वान मानतात. हे अनुमान प्रथम केले ते तिसऱ्या शतकात, ख्रिस्ती धर्माचा कडवा टीकाकार पॉर्फिरी याने.

इ. स. पू. १६७ मध्ये अंतियोखसाने यरुशलेमच्या मंदिरात ऑलिंपियन झ्यूसची उपासना सुरू केली. सुंता, शब्बाथ आणि नियमशास्त्राचे पालन यांवर बंदी आली व न जुमानणाऱ्यांस देहान्ताची शिक्षा होऊ लागली. यहुदी विचाराला यामुळे जो पेच पडला, तो पूर्वीच्या आपत्तींहून वेगळा होता. बाबिलोनच्या वेळी संदेष्ट्यांनी सांगितले होते की राष्ट्राने पाप केले म्हणून शिक्षा झाली. आता शिक्षा होत होती ती नेमकी धर्म पाळणारांना, आणि धर्म पाळला म्हणूनच. धर्म सोडणारे सुखात होते. देवाचा न्याय याच जन्मी दिसून येतो ही जुनी धारणा येथे कोलमडली. इ. स. पू. १८० च्या सुमारास लिहिणाऱ्या सीराखपुत्र येशूला मृत्यूनंतर सत्कीर्ती आणि संतती एवढे पुरेसे वाटत होते. वीस वर्षांच्या आत ते पुरेनासे झाले. दानिएलाचा ग्रंथकार म्हणतो की धुळीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, काही सार्वकालिक जीवनासाठी आणि काही अप्रतिष्ठेसाठी. 'सर्व' असे तो म्हणत नाही, 'पुष्कळ' म्हणतो. मनुष्यमात्राच्या मरणोत्तर गतीची मीमांसा त्याला करावयाची नाही. ज्यांचा हिशेब अपुरा राहिला आहे, त्यांचा तो पुरा व्हावा एवढीच त्याची मागणी आहे. एच. एल. गिन्झबर्ग यांनी १९५३ साली दाखवून दिले की येथे ज्या सुज्ञ जनांचा गौरव आहे, त्यांचे वर्णन यशयाच्या ५३ व्या अध्यायातील दुःखभोगी सेवकाच्या वर्णनावर बेतलेले आहे. छळ सोसून मेलेला सेवकच पुढे उंच केला जातो, हे जुने सूत्र ग्रंथकाराने आपल्या काळातील हुतात्म्यांना लावले.

याच छळाची दुसरी साक्ष मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. किरेनेच्या यासोनाने पाच भागांत लिहिलेल्या इतिहासाचा हा ग्रीक संक्षेप असून तो कॅथलिक व ऑर्थोडॉक्स बायबलात समाविष्ट आहे. प्रॉटेस्टंट परंपरा त्याला शास्त्रग्रंथांत स्थान देत नाही. त्याच्या ७ व्या अध्यायातील सात भाऊ आणि त्यांची आई यांची कथा या साऱ्या विषयाची गुरुकिल्ली म्हणावी लागेल. डुकराचे मांस खाण्यास नकार देणाऱ्या या भावांची राजासमक्ष एकामागून एक विटंबना होते : जीभ कापणे, हातपाय तोडणे, तापल्या कढईत भाजणे. तिसरा भाऊ आपली जीभ व हात आपणहून पुढे करतो. हे अवयव मला स्वर्गाकडून मिळाले होते, त्याच्या नियमासाठी मी ते तुच्छ लेखतो व त्याच्याकडूनच ते परत मिळण्याची आशा धरतो, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. येथे आत्म्याच्या अमरत्वाचे आश्वासन का अपुरे पडले असते, हे सहज ध्यानात येते. राजाने हिरावून घेतले होते ते हातपाय. न्याय व्हावयाचा तर परत मिळावयास हवेत तेही हातपायच. धाकट्या मुलाला धीर देणारी आई त्याहून खोल बोलते. तुम्ही माझ्या उदरात कसे आलात ते मला ठाऊक नाही, प्राण व अवयवांची रचना मी दिली नाही. ज्याने जग उत्पन्न केले, तोच ते परत देईल. पुनरुत्थानाची मूळ युक्ती हीच आहे : ज्याला निर्मिती साधली, त्याला पुनर्निर्मिती साधेल. दोन शतकांनंतर रोमकरांस लिहिताना पौल अगदी हीच जोडी लावतो, मेलेल्यांना जिवंत करणारा आणि नसलेल्यांना अस्तित्वात बोलावणारा देव.

ही कल्पना यहुद्यांनी इराणी धर्मापासून उचलली काय, हा वाद जुना आहे. जरथुश्त्री धर्मात जगाच्या अंतिम नवीकरणाची व मृतांच्या उठण्याची श्रद्धा आहे, व यहुदी समाज सुमारे दोन शतके इराणी साम्राज्यात राहिला. परंतु त्या श्रद्धेचे सविस्तर वर्णन ज्या 'बुन्दहिश्न' ग्रंथात आहे, त्याचे उपलब्ध स्वरूप नवव्या शतकातील आहे. संपर्काने बीज पडले असेल; ते रुजावयास लागणारी जमीन मात्र अंतियोखसाच्या छळाने तयार केली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. जॉर्ज निकल्सबर्ग यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात ही छळाची पार्श्वभूमी सविस्तर मांडली. याउलट जॉन लेव्हन्सन यांनी २००६ साली असे प्रतिपादिले की मृत्यूवर मात करणारा देव ही भावना इस्राएलाच्या धर्मात फार पूर्वीपासून होती व दानिएलाने ती केवळ स्पष्ट केली. लेव्हन्सन यांचा मुद्दा दुर्लक्षणीय नाही. तथापि स्पष्ट होण्यास तोच क्षण का लागला, याचे उत्तर निकल्सबर्ग यांच्याकडेच मिळते.

येशूच्या काळापर्यंत ही श्रद्धा यहुदी समाजात पसरली होती, सर्वमान्य मात्र झाली नव्हती. परूशी ती मानीत, मंदिरातील उच्च याजकवर्गाशी संबद्ध असलेले सदूकी ती नाकारीत, असे नवा करार आणि इतिहासकार जोसीफस या दोघांच्याही लेखनावरून समजते. ज्यांच्या हाती सत्ता व संपत्ती होती, त्यांना हिशेब पुन्हा उघडला जाण्याची घाई नव्हती, असे म्हटले तर ते अगदीच अन्यायाचे होणार नाही. मार्कच्या १२ व्या अध्यायात सदूकी येशूला सात भावांची एकामागून एक पत्नी झालेल्या स्त्रीचा थट्टेचा प्रश्न विचारतात. येशू उत्तर देतो ते दानिएलाच्या आधारे देत नाही. मोशेच्या जळत्या झुडपाच्या कथेत देव स्वतःला अब्राहाम, इसहाक व याकोब यांचा देव म्हणवितो, आणि तो जिवंतांचा देव आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. सदूक्यांचा भर मोशेच्या पंचग्रंथीवर असल्यामुळे हा आधार मुद्दाम निवडलेला दिसतो. पुढे मिश्नाच्या 'सान्हेद्रिन' प्रकरणात पुनरुत्थान नाकारणाऱ्यास येणाऱ्या युगात वाटा नाही असे ठरविण्यात आले, तेव्हा परूशी मताचा विजय पूर्ण झाला.

ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण येथून सुरू होते. यहुदी अपेक्षा होती ती युगान्ती होणाऱ्या सामुदायिक उत्थानाची. इतिहासाच्या मध्येच एकच मनुष्य उठेल आणि जग पूर्ववत चालत राहील, असे कोणी म्हटलेले नव्हते. येशूच्या अनुयायांनी नेमके तेच म्हटले. या घोषणेचा सर्वांत जुना लेखी पुरावा शुभवर्तमानांत नसून पौलाने इ. स. ५४-५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात आहे. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठविला गेला, आणि केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब व सर्व प्रेषित यांना दिसला, हे सूत्र आपल्याला मिळाले व तेच आपण सोपविले, असे पौल सांगतो. 'मिळणे' व 'सोपविणे' ही परंपरासंक्रमणाची रूढ परिभाषा आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रावरून पौल आपल्या परिवर्तनानंतर तीन वर्षांनी यरुशलेमास जाऊन केफा व याकोब यांना भेटला होता, असे दिसते. म्हणून हे सूत्र येशूच्या वधानंतरच्या, म्हणजे इ. स. ३० च्या सुमारानंतरच्या, अगदी पहिल्या वर्षांतील असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. येशू उठला ही श्रद्धा दीर्घकाळाने वाढलेली दंतकथा होय, हे मत या पुराव्यापुढे टिकत नाही. त्या श्रद्धेमागे काय घडले, हा प्रश्न निराळा. तेथे इतिहासाची साधने थांबतात.

सूत्रात 'शास्त्राप्रमाणे' असे दोनदा आले आहे, परंतु कोणते शास्त्र ते सांगितलेले नाही. तिसऱ्या दिवसाचा उल्लेख होशेयाच्या ६ व्या अध्यायात आहे, पण नव्या करारात त्या वचनाचा कोठेही स्पष्ट हवाला नाही. मत्तय योनाच्या माशाच्या पोटातील तीन दिवस व तीन रात्री यांकडे बोट दाखवितो. शुक्रवारच्या सायंकाळपासून रविवारच्या पहाटेपर्यंतचा काळ त्यात बसत नाही, याची त्याला फिकीर नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र १६ व्या स्तोत्राचा आधार घेतो. यावरून एक गोष्ट उघड होते. शास्त्रवचने जुळवून त्यांतून घटना रचली गेली, असे झालेले नाही. घटनेवरील श्रद्धा आधी दृढ झाली, आणि मग तिच्या प्रकाशात शास्त्र नव्याने वाचले गेले.

शुभवर्तमानांतील वृत्तान्तांतील विसंगती प्राचीन काळापासून परिचित आहेत. १७७४ ते १७७८ या काळात लेसिंगने प्रसिद्ध केलेल्या रायमारुसच्या लेखखंडांनी त्या युरोपच्या चव्हाट्यावर आणल्या. कबरेपाशी किती स्त्रिया गेल्या, देवदूत एक की दोन, दर्शने गालीलात झाली की यरुशलेमात, यांविषयी चौघांचा मेळ बसत नाही. मार्कच्या ग्रंथाच्या सर्वांत जुन्या पूर्ण प्रती, चौथ्या शतकातील सिनाइटिकस व व्हॅटिकॅनस, १६ व्या अध्यायाच्या ८ व्या वचनापाशी संपतात : स्त्रिया रिकामी कबर पाहून भयाने पळतात व कोणास काही सांगत नाहीत. दर्शनांचा पुढील भाग मागाहून जोडलेला आहे. कबरेवरील पहारेकऱ्यांची हकीकत एकट्या मत्तयात आहे व ती शिष्यांनीच शव पळविले या आरोपाचे उत्तर म्हणून आली, हे तो स्वतःच जवळजवळ कबूल करतो. मात्र चारही ग्रंथ प्रथम साक्षीचा मान स्त्रियांना, विशेषतः मग्दालीया मरीयेला, देतात. पौलाच्या सूत्रात त्यांचे नावही नाही. ज्या समाजात, जोसीफसच्या म्हणण्याप्रमाणे, स्त्रियांची साक्ष ग्राह्य मानली जात नसे, त्यात ही कथा पटवून देण्याच्या सोयीसाठी रचली असेल, हे संभवनीय वाटत नाही.

आता शरीराचा प्रश्न. करिंथ येथील काही ख्रिस्ती जन मृतांचे पुनरुत्थान नाहीच असे म्हणू लागले होते. येशूचे उठणे त्यांना मान्य असावे; स्वतःच्या सडणाऱ्या देहाला भवितव्य असल्याचे त्यांना पटेना. पौल त्यांना दोन उपमा देतो. ख्रिस्त हा 'प्रथमफळ' आहे, म्हणजे कापणीतील पहिली पेंढी. ती आली की उरलेले पीक येणारच. एकाच्या उठण्याचा आणि सर्वांच्या उठण्याचा मेळ त्याने असा घातला. दुसरी उपमा बीजाची. पेरला जातो तो नुसता दाणा, उगवते ते निराळेच शरीर. तरी पेरलेले आणि उगवलेले यांत सातत्य असते. पेरलेल्या देहाला तो 'सोमा प्सुखिकॉन' व उठणाऱ्या देहाला 'सोमा प्न्यूमाटिकॉन' म्हणतो. 'भौतिक' व 'आध्यात्मिक' ही भाषांतरे फसवी आहेत. 'प्सुखे' म्हणजे जीव. 'प्सुखिकॉन' म्हणजे जिवाचा बनलेला, असा अर्थ कोणी घेत नाही, तो जिवाने चालणारा देह होय. मग 'प्न्यूमाटिकॉन' म्हणजे देवाच्या आत्म्याने चालणारा देह, असा अर्थ सरळ निघतो. एन. टी. राइट यांनी २००३ साली यावरच भर दिला. याच्या विरुद्ध डेल मार्टिन यांनी १९९५ साली असे मांडले होते की त्या काळच्या समजुतीप्रमाणे 'प्न्यूमा' हे एक सूक्ष्म, तेजोमय द्रव्यच होते व पौलाच्या मनातील देह त्या द्रव्याचा होता. काही झाले तरी पौल 'देह' हा शब्द सोडीत नाही. आणि 'मांस व रक्त' यांना देवाच्या राज्याचे वतन मिळत नाही, असेही त्याच अध्यायाच्या ५० व्या वचनात बजावतो. देह हवा, मांस नको, ही त्याची भूमिका.

भारतीय वाचकास येथे गीतेतील वस्त्रांच्या उपमेची आठवण होईल, व पौलही वस्त्राचीच उपमा योजतो. पण उपमेतील पात्रे बदलली आहेत. गीतेत वस्त्र म्हणजे शरीर, आणि ते टाकून दुसरे घेणारा देही निराळा. पौलाच्या लेखनात नाशवंतालाच अविनाशित्व पांघरावयाचे आहे. टाकण्याजोगे काही त्याला ठेवावयाचेच नाही.

पौलाची ही सूक्ष्म रेषा पुढील शतकात टिकली नाही. व्हॅलेंटिनसच्या अनुयायांनी आणि इतर ज्ञानवादी पंथांनी ५० वे वचन आपल्या मताचे ब्रीद केले. पुनरुत्थान म्हणजे ज्ञानप्राप्ती, ते याच जीवनात घडते, असे त्यांचे म्हणणे. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे सापडलेल्या ग्रंथसंग्रहातील 'रेगिनोसला पत्र' हे त्या विचारसरणीचे एक सौम्य व वाचनीय उदाहरण होय. त्यांना विरोध करणाऱ्यांत अग्रणी होता ल्यों येथील आयरेनियस. त्याने इ. स. १८० च्या सुमारास लिहिलेल्या महाग्रंथाचा पाचवा भाग बहुतांशी याच विषयाला वाहिलेला आहे. ५० व्या वचनाचा अर्थ तो असा लावतो की देवाच्या आत्म्याविना असलेले नुसते मांस व रक्त वारस होत नाही. आत्म्यासहित असलेले होते. पौलाने जे नाकारले, ते आयरेनियसने या वाटेने परत आणले.

हा केवळ पंडिती हट्ट होता काय? उत्तर ल्यों नगरीच्याच इतिहासात आहे. इ. स. १७७ मध्ये तेथील व व्हिएन येथील ख्रिस्ती जनांचा भीषण छळ झाला. मंडळीने त्याचा वृत्तान्त आशिया व फ्रिगिया येथील बांधवांना पत्राने कळविला, तो युसीबियसने आपल्या इतिहासात जतन केला आहे. नव्वदी उलटलेला धर्माध्यक्ष पोथिनस मारहाणीने कारागृहात मेला. ब्लांदिना नावाची दासी रंगणात पशूंपुढे टाकली गेली. मेलेल्यांची शवे सहा दिवस उघड्यावर ठेवून, मग जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत लोटण्यात आली. पत्र सांगते की छळ करणारांचा हेतू असा होता, की या लोकांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये. तिच्याच बळावर ते यातनांना हसतमुखाने सामोरे जातात. त्या मंडळीचेच एक पत्र घेऊन आयरेनियस रोमला गेला होता, व पोथिनसनंतर तोच धर्माध्यक्ष झाला. ज्याच्या सोबत्यांची राख नदीतून वाहून गेली, त्याला पुनरुत्थान म्हणजे अंतःकरणातील ज्ञान, असे सांगणारांविषयी काय वाटले असेल, हे त्याच्या ग्रंथाच्या आवेशावरून कळते. मक्काबींच्या तिसऱ्या भावाची मागणीच येथे पुन्हा उभी राहिली आहे. जे हिरावले गेले, तेच परत मिळाले पाहिजे.

परिणामी पश्चिमेच्या श्रद्धासूत्रात शब्द गेला तो 'मांस'. रोमच्या जुन्या श्रद्धासूत्राच्या ग्रीक पाठात, जो इ. स. ३४० च्या सुमारास अंकिराच्या मार्सेलसने उद्धृत केला आहे, 'सार्क्स' म्हणजे मांसाचे उत्थान असे शब्द आहेत व लॅटिन 'प्रेषितांच्या श्रद्धासूत्रा'त तेच कायम राहिले. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सूत्राने मात्र 'मृतांचे पुनरुत्थान' एवढेच म्हटले. मांस म्हटले की पाठोपाठ शंका आल्याच. अळ्यांना शोभेल अशी ही आशा, अशी सेल्ससने टर उडविली होती. नरभक्षकाने खाल्लेले मांस अखेर कोणाचे, हा प्रश्न दुसऱ्या शतकापासून विचारला जात होता व ऑगस्टीनला 'देवाच्या नगरी'च्या २२ व्या ग्रंथात त्याचे गंभीरपणे उत्तर द्यावे लागले. ओरिजेनने बीजाच्या उपमेकडे परतून सुचविले होते की द्रव्य नदीप्रमाणे सतत बदलते, टिकते ते देहाचे विशिष्ट रूप. मेथोडियस व जेरोम यांनी त्याच्यावर कठोर टीका केली. पौलाच्या सर्वांत जवळ जो गेला, त्याच्यावरच संशय यावा, हा या इतिहासातील एक विपर्यास होय. कॅरोलिन वॉकर बायनम यांनी १९९५ च्या ग्रंथात ही सारी मध्ययुगीन चर्चा, तुकड्यांची जुळणी, अस्थिपूजन व द्रव्यसातत्य यांच्यासह, साक्षेपाने मांडली आहे.

आत्म्याच्या अमरत्वाची ग्रीक कल्पनाही दरम्यान ख्रिस्ती शिकवणीत मुरली. १३३६ साली पोप बारावा बेनेडिक्ट याने असा निर्णय दिला की शुद्ध झालेल्या आत्म्यांस अंतिम न्यायापूर्वीच देवाचे दर्शन घडते. त्यामुळे देह परत मिळण्याची निकड साहजिकच उणावली; भाविकाचे मन पुनरुत्थानापेक्षा स्वर्गाकडे अधिक लागले. १९५५ साली हार्वर्ड येथील व्याख्यानात ऑस्कर कुलमन यांनी सॉक्रेटिसचा शांत मृत्यू व येशूची गेथशेमानेतील व्याकुळता यांची तुलना करून या दोन कल्पना मुळात परस्परविरुद्ध असल्याचे ठासून सांगितले, तेव्हा अनेक श्रद्धाळूंना धक्का बसला. कुलमन यांनी भेद जरा अधिक ताणला, हे खरे. शलमोनाचा म्हणून प्रसिद्ध असलेला 'ज्ञानग्रंथ' यहुदी असूनही अमरत्वाची भाषा बोलतो. परंतु गोव्यात १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात थॉमस स्टीफन्सने पुराणाच्या घाटात येशूचे उठणे मराठी श्रोत्यांपुढे ठेवले, त्या श्रोत्यांपासून आजच्या वाचकापर्यंत ज्यांचे मन आत्म्याच्या अविनाशित्वावर पोसलेले आहे, त्यांना कुलमन यांचा भेद समजून घेतल्यावाचून नवा करार नीट उलगडणार नाही.

दहनाचा प्रश्न या वादाचे अलीकडील टोक आहे. तिसऱ्या शतकाच्या सुमारास मिनुसियस फेलिक्सने आपल्या संवादात स्पष्ट केले होते की ख्रिस्ती जन दफन करतात ते जुनी व अधिक चांगली रीत म्हणून. अग्नीने काही बिघडेल या भयाने नव्हे. तरीही १८८६ साली, युरोपातील धर्मविरोधी मंडळी दहनाचा पुरस्कार पुनरुत्थानाच्या इन्कारासाठी करीत आहेत असे पाहून, रोमने कॅथलिकांस दहनाची मनाई केली. १९६३ साली ती उठविण्यात आली. दहनाने आत्म्याला बाधा येत नाही आणि देह पुन्हा घडविण्यास देवाच्या सामर्थ्याला अडथळाही होत नाही, असे कारण तेव्हा देण्यात आले. ल्यों येथे राख नदीत लोटणारांना त्या मंडळीने मनोमन दिलेले उत्तर याहून निराळे नव्हते. २०१६ साली रोमने आणखी एक सूचनापत्र काढले : दहन चालेल, परंतु राख पवित्र स्थळी ठेवावी, ती वाऱ्यावर वा पाण्यात विखरू नये.